वर्ग रद्द होऊ नये म्हणून

यादिरा मोन्तेहानो भूशास्त्राकडे वळली ती चक्क रागामुळे.

तोवर तिचं आयुष्य सफरचंदांच्या शेडमध्ये गेलं होतं. पट्ट्यावरून फळं वाहत यायची आणि डागी, ठेचलेली, वाकडी फळं ती डोळ्यांत तेल घालून बाजूला काढायची. लग्नाआधीपासून हेच. पस्तिशीला आली तेव्हा उजवा खांदा असा धरला, की केस बांधायलासुद्धा मुलीला हाक मारावी लागे. शेडच्या ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, "हिशेबाचा कोर्स करून टाक. मी आता निवृत्त होणार. खुर्चीवर बसून काम मिळेल तुला."

गावात दोन वर्षांचं, कमी फीचं कम्युनिटी कॉलेज होतं, त्याचे संध्याकाळचे वर्ग होते. यादिरानं नाव घातलं. हिशेबाच्या कोर्सलाही प्रयोगशाळेचा एक विषय सक्तीचा होता. जीवशास्त्रात बेडूक कापावा लागतो असं कुणीतरी सांगितलं, रसायनाची वेळ शिफ्टमध्ये येत होती. उरलं भूशास्त्र. मंगळवारची संध्याकाळ, आणि सत्रात एकदा शनिवारी सहल.

त्या सहलीला भूशास्त्र शिकवणाऱ्या हॅलवर्सन बाईंनी कॉलेजची व्हॅन काढली. बाई साठीच्या, उंच, पांढऱ्या केसांची जाड वेणी, दोन्ही गुडघे गेलेले. बोलायच्या अशा, की गुरं हाकताहेत असं वाटावं. कालव्याच्या कडेनं जाता जाता त्यांनी एका शेताच्या बांधाला गाडी थांबवली. शेतात घराएवढा एक पांढुरका धोंडा बसला होता.

यादिरा तो धोंडा ओळखत होती. तिचे आईवडील याच शेतात शतावरीचे कोंब कापायचे, आणि पोरं दिवसभर या धोंड्याच्या सावलीत असायची.

"हा इथला नाही," बाई म्हणाल्या. "इथला कातळ बघा, सगळा काळा. नदीपासून गव्हाच्या रानापर्यंत काळाच. हा ग्रॅनाइट वरून आलाय, उत्तरेकडून. बर्फाचा बांध फुटला, त्यामागचं अख्खं सरोवर या मुलखावरून वाहून गेलं. त्या पुरात बर्फाचे डोंगर तरंगत होते. त्यातल्या एकाच्या पोटात हा होता. बर्फ इथे वितळला, हा इथेच बसला."

सगळे फोटो काढायला लागले. यादिरा जागची हलली नाही.

"हे सगळ्यांना माहीत आहे?" तिनं विचारलं.

"पुस्तकात आहे."

"मग मला कसं नाही माहीत? मी याच्या सावलीत जेवलेय. माझ्या भावाला इथे विंचू चावला होता. बारावीपर्यंतची सगळी शाळा मी याच गावात केली. कुणाला एक दिवस वाटलं नाही, की या पोरांना सांगावं?"

"आता सांगतेय ना मी."

"तीस वर्षं उशिरा सांगताय!"

बाकीचे हसले. हॅलवर्सन बाई हसल्या नाहीत. धोंड्याला टेकून त्यांनी एक गुडघा चोळला आणि म्हणाल्या, "खरंय तुझं. उशीर झालाय. म्हणून आता आणखी वेळ घालवू नकोस."

पुढच्या सत्रात यादिरानं हिशेबाऐवजी भूशास्त्राचा दुसरा कोर्स घेतला. घरी सांगितलं तेव्हा तिचा नवरा एफ्राइन टेबलावर डोकं ठेवून हसला. तो बटाट्यांचा ट्रक चालवायचा, शेतातून फिंगरचिप्सच्या कारखान्यात. हिवाळ्यात काम बंद, मग घरी बसून सगळ्यांची फिरकी घ्यायची हा त्याचा धंदा.

"दगड शिकून काय करणार? पाटे-वरवंटे विकणार बाजारात?"

"विकीन. पहिला तुझ्याच डोक्यात घालून बघेन, टिकतो का."

"सासूबाई, ऐकताय ना? साक्षीला राहा."

यादिराची आई, कुका, त्यांच्याकडेच राहायची. ती चुलीशी उभी राहून म्हणाली, "पोरीचा खांदा दुखतो आणि ही निघाली दगड उचलायला. देवानं हिला अक्कल वाटली तेव्हा ही रांगेत नव्हती."

पण नेमानं जाऊ दिलं दोघांनीही. दर मंगळवारी घरात कोण जेवण वाढणार, लेकीचा, मारिसाचा अभ्यास कोण घेणार, हे यादिराला कधी विचारावं लागलं नाही.

एक दिवस हॅलवर्सन बाईंनी तिला खोलीत बसवून घेतलं आणि पुढचा रस्ता समजावला. दोन वर्षांचा अभ्यास इथे करायचा, इथली फी परवडते. मग डोंगरापलीकडच्या विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला जायचं. अंतर असं, की रोज गाडीनं जाऊन-येऊन करता येईल. त्या विद्यापीठात एक शिष्यवृत्ती होती, खास कम्युनिटी कॉलेजातून भूशास्त्राला येणाऱ्यांसाठी. दोन वर्षांची सगळी फी त्यात भागायची. अट एकच: ठरलेले सगळे विषय इथून पुरे करून यायचं. एक जरी राहिला तर तिसऱ्या वर्षाला घेत नाहीत, आणि शिष्यवृत्तीही हातची जाते.

"विषय कोणते?" यादिरानं विचारलं.

बाईंनी सांगितले. गणित ऐकून यादिरानं खरं ते सांगून टाकलं. शाळेत बीजगणितात तिची जी गाडी रुतली होती ती तिथेच सोडून ती शेडमध्ये कामाला लागली होती.

"तिथून सुरू कर," बाई म्हणाल्या. "जिथे रुतली तिथून. लाज कसली?"

तिनं तसंच केलं. शेडच्या मुकादमीणबाईंनी तिला पहाटेची शिफ्ट दिली. दुपारी गणित, संध्याकाळी रसायन. पहिल्या परीक्षेत नापास झाली, दुसऱ्यांदा बसली. कॉलेजात गणिताची मदत करणारी एक खोली होती. तिथल्या पोरांना ही मावशी रोज येते याची इतकी सवय झाली, की ती एक दिवस आली नाही तर कुणीतरी फोन करायचं. असं करत तीन वर्षं गेली. शेवटी एकच विषय उरला, 'पृथ्वीचा इतिहास'. तो दर दोन वर्षांनी एकदाच, हिवाळ्यात शिकवला जायचा.

आणि तिथेच घोडं अडलं. वर्गाला नाव घातलं चौघांनी. कॉलेजचा नियम होता, निदान नऊ जण हवेत, नाहीतर वर्ग रद्द.

विभागाचे प्रमुख प्रॅट हे सज्जन गृहस्थ होते. त्यांनी यादिराला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मग सांगितलं, की त्यांच्या हातात काही नाही. "घरी बसून, संगणकावर करता येतो हा विषय. दुसऱ्या कॉलेजातून."

"विद्यापीठाला प्रयोगशाळेसकट हवा आहे," शेजारी बसलेल्या हॅलवर्सन बाई म्हणाल्या. "संगणकावर जीवाश्म हातात घेता येत नाही."

"शुक्रवारपर्यंत वाट बघतो. त्याच्या पुढे मला थांबता येणार नाही."

बाहेर आल्यावर हॅलवर्सन बाईंनी दार ओढून घेतलं आणि शिक्षकांनी तोंडातून काढू नये असा एक शब्द काढला. यादिराला तेवढ्यातही हसू आलं. मग घरी जाताना गाडीत तिला रडू आलं. दोन वर्षं थांबायचं म्हणजे शिष्यवृत्ती गेली, गणित विसरणार, खांदा तर आताच वर जात नव्हता.

बुधवारी ती दगडवाल्यांकडे गेली. खरं तर जाणार नव्हती, पण पाय वळले.

जत्रेच्या मैदानाच्या मागे एक पत्र्याची शेड होती, तिथे गावातल्या म्हाताऱ्या हौशी लोकांचं मंडळ जमायचं. अकीक, गारगोट्या, दगड झालेलं लाकूड, असलं काय काय आणायचं, करवतीवर कापायचं, घासून चकचकीत करायचं, उन्हाळ्यात जत्रेत विकायचं. गाव त्यांना दगडवाले म्हणायचं. कापकाम शिकायला म्हणून हॅलवर्सन बाईंनीच यादिराला तिकडे पाठवलं होतं. मंडळाच्या मुख्य व्हर्ना केटलसन. गव्हाच्या शेतकऱ्याची विधवा, वय ऐंशीच्या पुढे, अंगठ्याचं नख कायम काळंनिळं. आणि त्यांच्या खालोखाल लॉइड पिकरेल, कालव्याची दारं उघडबंद करण्यात आयुष्य घालवलेला माणूस. बायको वारल्यापासून तो दार उघडायच्या आधीच येऊन बाहेर उभा असायचा.

"तोंड का असं?" व्हर्नाबाईंनी करवत बंद करून विचारलं.

यादिरानं सांगितलं. करवतीचं पाणी ठिबकत राहिलं, सगळे ऐकत राहिले.

"म्हणजे पाच डोकी कमी आहेत," व्हर्नाबाई म्हणाल्या.

"हो."

"डोकी तरुणच हवीत असं कुठे लिहिलंय?"

यादिराला आधी कळलंच नाही. व्हर्नाबाई खोलीभर नजर फिरवत म्हणाल्या, "साठीच्या पुढच्यांना या राज्यात कॉलेज जवळजवळ फुकट आहे. मला वर्तमानपत्रात वाचलेलं आठवतं. लॉइड, हिवाळ्यात तुला काय काम असतं?"

"टीव्ही," लॉइड म्हणाला.

"मग झालं तर. तू आलास. मी आले. आर्डिस आणि तिची बहीण, तुम्ही दोघी."

आर्डिसची बहीण घाबरून म्हणाली, "अगं पण परीक्षा असते ना?"

"नापास झालीस तर काय, तुझी आई रागावणार आहे?"

आर्डिसच्या बहिणीला पंच्याहत्तर पूर्ण झाली होती. सगळे इतके हसले, की कुणाला खोकला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चार म्हातारी माणसं प्रॅट यांच्या दारात उभी राहिली. प्रॅट यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "सवलतीचे विद्यार्थी मोजता येत नाहीत मला. ती सवलत रिकाम्या जागांसाठी आहे. वर्ग आधी भरायला हवा, मग रिकामी जागा. नियमच आहे तसा."

"आणि सवलत नको म्हटलं तर?" व्हर्नाबाईंनी विचारलं.

"पूर्ण फी?"

"मी बहिरी नाहीये, तुम्हीही नाही."

त्या दिवशी दुपारी दगडवाल्यांची तातडीची सभा झाली. मंडळानं नव्या करवतीसाठी पैसे साठवले होते, जत्रेत दगड आणि आंबट रूबार्ब घालून भाजलेल्या गोड पाई विकून विकून. व्हर्नाबाईंनी मांडलं, की करवत आणखी एखादं वर्ष ओढेल, तो पैसा चौघांच्या फीला द्यावा. यादिरा मागे उभी होती. ती पुढे आली.

"नको. हे नाही घेणार मी. तुमच्या हक्काची करवत आहे."

"तुला कोण देतंय?" लॉइड गुरकावला. "आम्ही आमची फी भरतोय. आम्ही शिकणार आहोत. मधे मधे बोलू नकोस."

हात वर झाले. एकही खाली राहिला नाही.

तरी आठच झाले. एक डोकं कमीच. हॅलवर्सन बाईंनी आपल्या जुन्या विद्यार्थ्यांना फोन लावले, कुणी दुसऱ्या गावी होतं, कुणाला कामाची वेळ जमेना. गुरुवारी संध्याकाळी यादिरा घरी सूप ढवळत हे सगळं आईला सांगत होती. एफ्राइन दारात बूट काढत होता.

"किती वाजता असतो हा वर्ग?" त्यानं विचारलं.

"तुला कशाला?"

"हिवाळ्यात मी रिकामाच असतो, सगळ्यांना ठाऊक आहे. तुझी आई तर रोज सांगते मला."

"एफ्राइन, चेष्टा नको आज. जीव टांगणीला लागलाय माझा."

"चेष्टा नाही करत." तो बूट हातात धरूनच म्हणाला. "अगं, तीन वर्षं बघतोय तुला. स्वयंपाकघरात गणितं करतेस, झोपेत आकडे बडबडतेस. मी हसतो, कारण दुसरं काय करावं ते मला समजत नाही. आता हे एक करता येईल मला. खुर्चीवर बसायचंच आहे ना? ते जमेल."

यादिरानं पळी खाली ठेवली. कुका पाठमोरीच म्हणाली, "फी?"

"ट्रकचे टायर पुढच्या हंगामात बदलू."

"बदलशील," कुका म्हणाली, आणि त्या रात्री जावयाच्या ताटात मांसाचा मोठा तुकडा पडला. तिच्याकडून याहून मोठी शाबासकी नव्हती.

शुक्रवारी वर्ग भरला.

तसा वर्ग हॅलवर्सन बाईंनी आयुष्यात शिकवला नव्हता, हे त्यांनी पुढे कितीतरी वेळा सांगितलं. लॉइड पहिल्या बाकावर बसायचा, कानातलं यंत्र शिट्टी वाजवायचं, आणि बाईंनी कोट्यवधी वर्षांचा आकडा सांगितला की तो हात वर करायचा. "तुम्ही तिथे होता का?" बाई म्हणायच्या, "नव्हते. पण तुमच्या कालव्यात पाणी किती गेलं ते तुम्ही नंतर कसं सांगायचात?" "गाळावरून." "मग मीही तेच करतेय." लॉइड हात खाली घ्यायचा, पुढच्या आकड्याला परत वर करायचा. व्हर्नाबाईंना दुपारच्या औषधानं झोप लागायची, पण जीवाश्मांचा ट्रे समोर आला की खडबडून जाग्या व्हायच्या. आर्डिस आणि तिच्या बहिणीनं गृहपाठ एकमेकींचा उतरवला आणि दोघींच्या चुका तंतोतंत सारख्या निघाल्या. बाईंनी दोघींना वेगळं बसवलं. शाळेत असतानाही असंच वेगळं बसवलं होतं म्हणे.

एफ्राइननं युगांची नावं पाठ करायला त्यांना एक चाल लावली आणि ती तो गाडी चालवताना, भांडी घासताना, अंघोळ करताना म्हणायचा. मारिसालाही पाठ झाली. कुकाला वाटायचं ही संतांची नावं आहेत. "हा सिल्युरियन कोण?" तिनं एकदा विचारलं, "त्याचा सण कधी असतो?"

ते बाकीचे तिघे तरुण विद्यार्थी पहिल्या आठवड्यात बावरले होते. मग त्यांना कळलं, की या वर्गाला कुणी ना कुणी केक आणतंच.

परीक्षेत यादिराला पहिली श्रेणी मिळाली. एफ्राइनला दुसरी, आणि तो आठवडाभर घरात छाती काढून फिरला. लॉइड काठावर पास झाला. त्यानं निकालाचा कागद दोन वेळा वाचला, घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला, आणि कुणाशी न बोलता निघून गेला. यादिराला वाटलं, त्याला वाईट वाटलं.

शिष्यवृत्तीच्या मुलाखतीला जाताना व्हर्नाबाईंनी तिला एकच गोष्ट बजावली. "बोलायच्या आधी माफ करा म्हणायची सवय आहे तुला. तिथे म्हणू नकोस."

टेबलापलीकडे तीन प्राध्यापक होते. यादिराच्या तोंडाशी 'माफ करा' आलं, तिनं ते गिळलं. त्यांनी अभ्यासाबद्दल विचारलं. एकानं विचारलं, एवढ्या लहान कॉलेजात 'पृथ्वीचा इतिहास'चा वर्ग भरला कसा, आमच्या माहितीत तर बहुतेक ठिकाणी रद्द होतो. तेव्हा तिनं सगळं सांगितलं, करवतीसकट, नवऱ्यासकट. आधी ते हसले. मग हसायचे थांबले.

"शिकून काय करायचं मनात आहे?" मधल्या बाईंनी विचारलं.

"पाणी," यादिरा म्हणाली. "आमच्याकडे कालवा जिथे पोचत नाही तिथले लोक बोअरवर आहेत. दरवर्षी बोअर खोल न्यावी लागते. काळ्या कातळात पाणी कुठे आहे, किती उरलंय, हे सांगणारी माणसं फार थोडी आहेत, आणि जी आहेत ती शेतकऱ्याशी बोलतात तेव्हा त्याला कळत नाही. मजुराशी तर बोलतच नाहीत. मला दोघांशी बोलता येतं."

वसंतात शेडमध्ये जेवणाच्या सुट्टीत तिला फोनवर कळलं, की शिष्यवृत्ती तिला मिळाली. मुकादमीणबाईंनी पट्टा थोडा वेळ सुरूच केला नाही. घरी तिनं आईला ते पत्र स्पॅनिशमध्ये करून वाचून दाखवलं.

"हे फेडायचे कधी?" कुकानं विचारलं.

"फेडायचे नसतात, आई. शिष्यवृत्ती आहे."

"फुकट कोण देतं? खाली बारीक अक्षरात असेल. नीट वाच."

यादिरानं बारीक अक्षरही वाचलं. त्यात एवढंच होतं, की ही शिष्यवृत्ती एल्मर आणि ग्वेन टॉर्ग्रिमसन यांच्या नावे आहे. दोघं नवराबायको. मूलबाळ नव्हतं, जमीन विकून आलेला पैसा त्यांनी ठेवला होता. दोघांनाही जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. कुकानं ती नावं दोनदा म्हणवून घेतली. त्या रविवारी चर्चमध्ये तिनं आपल्या माणसांसाठी मेणबत्ती लावली तेव्हा बाजूला आणखी दोन लावल्या. 'एल्मेर आणि गुएन' अशी नावं तिनं पाद्रीबाबांना सांगितली. बाबांनी विचारलं, हे तुमचे कोण? कुका म्हणाली, "नात्यातलेच."

विद्यापीठाची दोन वर्षं सोपी गेली नाहीत. घाटात बर्फ पडला की रस्ता बंद व्हायचा, मग यादिरा तिथल्याच एका वर्गमैत्रिणीच्या सोफ्यावर झोपायची. शेवटच्या उन्हाळ्यात मोंटानाच्या डोंगरात सहा आठवड्यांचं शिबिर होतं. त्याशिवाय पदवी नाही. तंबूत राहायचं, दिवसभर चढायचं, कुठला थर कुठे जातो ते नकाशावर काढायचं. कुकानं ते ऐकून हात जोडले.

"आम्ही नदीकाठी तंबूत राहून सफरचंदं तोडली. तू लहान होतीस, तापानं फणफणायचीस. तंबूतून बाहेर पडायला मी आणि तुझ्या बापानं आयुष्य घातलं. आणि तू आता पैसे भरून तंबूत राहायला निघालीस?"

"हो," यादिरा म्हणाली.

तिथे ती सगळ्यांत मोठी. पाठीवरचं ओझं खांद्याला सोसेना, म्हणून तिनं ते कमरेला बांधून नेलं. तिसऱ्या आठवड्यात तिचा नकाशा साफ चुकला, थर उलटे धरले होते. गारपिटीत अख्खा डोंगर परत चढावा लागला. शिखरावर ती भिजून बसली होती, दात वाजत होते. खाली दरीत थर कसे दुमडले आहेत ते तिला त्या वेळी पहिल्यांदा आपोआप दिसलं, पुस्तकातल्या चित्राची आठवण न काढता. शेजारी बसलेल्या बावीस वर्षांच्या पोराला ती म्हणाली, "दिसलं रे मला." तो म्हणाला, "मला नाही अजून. सांग ना." तिनं सांगितलं. आपण कुणाला तरी सांगतोय, आणि वेळेवर सांगतोय, याचं तिला इतकं बरं वाटलं, की थंडी विसरली.

पदवीदानाला दगडवाले व्हॅन करून आले. हॅलवर्सन बाईंनी चालवली. यादिराचं नाव पुकारलं गेलं तेव्हा एफ्राइननं अशी शिट्टी मारली, की व्यासपीठावरचे लोक दचकले. त्या शरदात ती परगण्याच्या पाणी विभागात लागली. अजून तिथेच आहे. गावोगाव जाऊन बोअरची पातळी मोजते. गव्हाच्या शेतकऱ्यांशी इंग्रजीत बोलते, मजुरांच्या वस्तीत स्पॅनिशमध्ये. कटू बातमी दोन्हीकडे सारख्याच शब्दांत सांगते. लोकांना ती आवडतेच असं नाही, पण तिच्यावर विश्वास ठेवतात.

दगडवाल्यांचे आभार मानायचे राहूनच गेले होते. म्हणजे मानले होते पुष्कळदा, पण प्रत्येक वेळी व्हर्नाबाई विषय बदलायच्या आणि लॉइड गुरकावायचा. मग लॉइड आजारी पडला, आणि मागच्या हिवाळ्यात गेला.

अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात चहा-केक होता. यादिरा एफ्राइनबरोबर गेली. तिथे सिअॅटलहून आलेली लॉइडची मुलगी होती, पन्नाशीची, बापासारखंच रुंद कपाळ. यादिरानं मनाशी वाक्यं जुळवली होती. आता निदान मुलीला तरी सांगू, की तुझ्या वडिलांनी माझ्यासाठी काय केलं.

तिनं नाव सांगितलं मात्र, त्या बाईंनी तिचे दोन्ही हात धरले.

"यादिरा तुम्ही? कॉलेजच्या वर्गातल्या?"

"हो. मला तुम्हाला सांगायचं होतं, की तुमच्या वडिलांनी..."

"थांबा, आधी मी बोलते. बाबांनी आठवीत शाळा सोडली होती, माहीत होतं तुम्हाला? आजोबांचं शेत होतं, घरात हात कमी. नंतर परीक्षा देऊन बारावीच्या तोडीचा कागद मिळवला कालव्याच्या नोकरीसाठी, पण वर्गात बसणं राहिलं ते राहिलंच. आई गेल्यावर ते फोनवर दोन वाक्यं बोलायचे. हवा आणि तब्येत. त्या हिवाळ्यात एकदम तासतास बोलायला लागले. बाईंना आज काय विचारलं, बाईंनी काय उत्तर दिलं. पास झाले तेव्हा मला फोन करून रडले. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं, आईच्या वेळीसुद्धा नाही." तिनं डोळे पुसले. "मी किती दिवस म्हणत होते, की त्या बाईंना भेटून आभार मानायचे. तुम्ही नसता तर हे झालं नसतं."

यादिरानं जुळवून आणलेली सगळी वाक्यं उलटीच पडली होती. एफ्राइन शेजारी उभा होता. तो नेहमी अशा वेळी काहीतरी चेष्टा करतो, पण त्या दिवशी त्यानं नुसती एक खुर्ची ओढून आणली, मग दुसरी. दोघी बसल्या. बराच वेळ त्या लॉइडबद्दल बोलत होत्या. चहा गार झाला तेव्हा व्हर्नाबाई काठी टेकत आल्या, दोघींच्या मधे बसल्या आणि म्हणाल्या, "काय बोलताय? मोठ्यानं बोला, मलाही ऐकू दे."